पावसाळ्याआधी सोसायटीची वीज तपासताना: मेगर, अर्थ टेस्टर आणि लीकेज क्लॅम्प

टेस्टर पेटला म्हणजे लाइन आहे, आणि बटण दाबल्यावर आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळू लागला की वीज तोडणारा स्विच) पडला म्हणजे घर सुरक्षित आहे, एवढ्यावरच ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांची तपासणी आटपते. दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. टेस्टर अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही, आणि आरसीसीबीवरचं ते बटण इमारतीला अर्थिंग मुळीच नसलं तरी काम करतं. प्रत्येक यंत्र एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतं. तो प्रश्न कोणता हे ठाऊक नसेल, तर बरोबर आलेल्या आकड्यावरूनही चुकीचा निष्कर्ष निघतो.

हे काम परवानाधारक वायरमन किंवा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं आहे. कमिटीच्या सभासदांनी वाचावं ते रिपोर्टमध्ये नेमकं काय मागायचं हे कळावं म्हणून. मीटर आणि त्याच्या आधीचा, म्हणजे पुरवठ्याकडचा, भाग महावितरणचा आहे. तिथल्या सीलला कोणीही हात लावायचा नाही.

वेळ निवडताना एप्रिलचा शेवट ते मे हाच काळ धरा. तेव्हा जमीन सर्वांत कोरडी असते, म्हणजे अर्थिंगचा वर्षातला सर्वांत वाईट आकडा तेव्हाच मिळतो, आणि दुरुस्तीला जूनपर्यंत हाताशी दिवस राहतात. इन्सुलेशनचं, म्हणजे तारेवरच्या आवरणाचं, उलट आहे. खाडीवरून येणारी खारट, दमट हवा जुलै-ऑगस्टमध्ये जोडण्यांत आणि स्विचबोर्डांत मुरते. म्हणून कंपाउंडमधले दिवे, पंप आणि गच्चीवरची सर्किटं यांचं मेगरिंग, म्हणजे आवरणाची चाचणी, पावसात पुन्हा एकदा करावी लागते.

आधी लाइन खरंच बंद आहे का ते बघा

निऑन टेस्टरमध्ये एक मोठा रेझिस्टर असतो आणि करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो. रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर तो मंद पेटतो, उन्हात तर दिसतच नाही. न्यूट्रल तुटलेला असेल आणि कुठला तरी दिवा चालू असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत तो पेटतो. त्यामुळे ‘टेस्टर पेटला नाही’ या आधारावर कुठल्याही तारेला हात लावू नका.

दोन प्रोबचा मल्टिमीटर किंवा व्होल्टेज टेस्टर घ्या. आधी चालू असलेल्या सॉकेटवर तो तपासा, मग बंद केलेल्या सर्किटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ बघा, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर तपासा. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. मधल्या मोजणीच्या वेळीच प्रोबची वायर आतून तुटली असेल, तर शून्य हा आकडा मीटरच्या बिघाडाचा असतो, लाइन बंद असल्याचा नसतो.

मीटरवर कॅट ३ आणि किमान ६०० व्होल्ट छापलेलं असायला हवं. कॅट २ चा मीटर सॉकेटवर आणि प्लग लावून चालणाऱ्या उपकरणांवर चालतो, डीबीवर (एमसीबी बसवलेल्या वितरण बोर्डावर) कॅट ३ लागतो, आणि मीटर रूमच्या इनकमरवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मुख्य लाइनवर, कॅट ४. हा वर्ग लाइनवर येणारा क्षणिक उसळीचा व्होल्टेज झेलण्याच्या ताकदीचा आहे. स्वस्त मीटर तिथे हातात फुटतो. लाल प्रोब १० अँपिअरच्या खाचेत विसरून व्होल्टेज मोजायला गेलं की थेट शॉर्ट सर्किट होतं. आत एचआरसी (मोठा शॉर्ट सर्किट करंट तोडू शकणारा) फ्यूज नसून साधी काचेची फ्यूज असेल, तर तो फ्यूज ते तोडू शकत नाही.

प्रोबचं उघडं टोक ४ मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर बाकीच्या भागावर स्लीव्ह चढवा. जुन्या डीबीत दोन स्क्रूंमधलं अंतर फार नसतं.

अर्थची तार सलग आहे का

बंद लाइनवरची ही पहिली परीक्षा. कंपाउंडमधले लोखंडी दिव्याचे पोल, पंपाची बॉडी, लिफ्टचं पॅनल, लोखंडी गेटवरची मोटर, या प्रत्येकाच्या धातूपासून डीबीच्या अर्थ बारपर्यंत रेझिस्टन्स मोजायचा. कंटिन्युइटी टेस्टर निदान २०० मिलिअँपिअर सोडणारा असावा. मल्टिमीटरची बीप इथे फसवते, कारण ती कित्येक ओहमपर्यंत वाजतच राहते.

किती यायला हवं ते आधीच काढता येतं. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचीक तारेचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ८ मिलिओहम असतो. म्हणजे २० मीटर लांबीला ०.१६ ओहम. लीड्सचा स्वतःचा रेझिस्टन्स ०.२ ते ०.३ निघतो, तो टोकं एकमेकांना लावून आधी शून्य करून घ्या. पोलवर १२ किंवा ४० ओहम आले तर बहुधा तार तुटलेली नसते. पोलच्या झाकणाआड बघा: अर्थचा लग (तारेच्या टोकाची धातूची जोडणी) रंगावरच कसलेला असतो, नट गंजून फुगलेला असतो आणि लगखाली हिरवट थर असतो. रंग चमकदार लोखंड दिसेपर्यंत खरवडा, स्टार वॉशर आणि नवा नट लावा, पुन्हा मोजा. पावसात मुलं ज्या पोलला टेकून उभी राहतात, तो पोल सगळ्यांत आधी तपासा.

मेगर: तारेवरचं आवरण अजून धड आहे का

मेगर हे मुळात एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे इन्सुलेशन टेस्टरला दुसरं नाव कोणी घेत नाही. २३० आणि ४०० व्होल्टच्या वायरिंगला तो ५०० व्होल्ट डीसीवर लावतात. मल्टिमीटरची ओहम रेंज हे काम करू शकत नाही, कारण तिच्या काही व्होल्टांना ओलसर आवरणातून वाट सापडतच नाही. ५०० व्होल्टांना सापडते.

१. मेन बंद करा, लॉक लावा, वर सांगितल्याप्रमाणे लाइन बंद असल्याची खात्री करा.
२. सगळे प्लग काढा. गीझर, एसी, वॉटर प्युरिफायर आणि भिंतीतली चिमणीसुद्धा. एलईडी पॅनलचे ड्रायव्हर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर शक्य असेल तिथे सुटे करा.
३. डीबीतला सर्ज प्रोटेक्टर काढा. तो व्होल्टेज वाढला की वाट मोकळी करण्यासाठीच असतो, त्यामुळे चांगल्या वायरिंगलाही नापास ठरवतो.
४. आरसीसीबी बंद ठेवा, म्हणजे दोन्ही पोल सुटतील. न्यूट्रल लिंक (न्यूट्रल तारा एकत्र जोडणारी पट्टी) सोडवा.
५. खोल्यांमधले सगळे स्विच चालू करा. स्विच बंद राहिला तर त्याच्या पुढची तार तपासलीच जात नाही.
६. मेगरची टोकं उघडी ठेवून बटण दाबा, अनंत यायला हवं. टोकं जोडून दाबा, शून्य यायला हवं.
७. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्यात आणि अर्थमध्ये एक मिनिट मोजा. एकही इलेक्ट्रॉनिक उपकरण राहिलं नसल्याची खात्री असेल तरच फेज आणि न्यूट्रल यांच्यात मोजा.
८. बटण सोडल्यावर मीटर चार्ज उतरवेपर्यंत लीड्स काढू नका. राइजरच्या (मजल्यांमधून वर जाणाऱ्या) लांब केबलमध्ये साठलेला चार्ज जोरात बसतो.

आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीनुसार किमान १ मेगओहम हवा. जुन्या आवृत्तीत ५० भागिले पॉइंटची संख्या असा नियम होता, आणि अनेक जुने वायरमन अजून तोच वापरतात: २५ पॉइंटच्या सर्किटला २ मेगओहम. पण १ हा नापास होण्याचा आकडा आहे, निरोगी वायरिंगचा नाही. चांगलं वायरिंग शंभराच्या वर सहज देतं. मागच्या मे महिन्यात २०० होते आणि यंदा ३ आले, तर ते सर्किट कागदावर पास असलं तरी आतून बिघडत चाललेलं आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा वाशी-नेरूळच्या सुरुवातीच्या सिडको वसाहतींत अशी घसरण दिसली, तर छताच्या स्लॅबमधला पाइप आणि वरच्या घराचं बाथरूम आधी बघा.

लांब केबलवर आकडा खालून सुरू होऊन हळूहळू चढतो. तो केबलचा चार्ज आहे, दोष नाही. म्हणूनच मिनिटभर थांबायचं. आकडा चढून मग मधेच खाली कोसळला, तर मात्र कुठेतरी ओल आहे.

गीझर वेगळा मोजा. प्लगच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना तारेने एकत्र करा, एक लीड तिथे, दुसरी जाड अर्थ पिनेवर. टाकी भरलेली, थर्मोस्टॅट गरमकडे फिरवलेला, गीझरचा स्वतःचा स्विच असेल तर तोही चालू. एलिमेंटच्या नळीला भोक पडलं असेल तर आकडा शून्याला चिकटतो. उन्हाळाभर न वापरलेल्या गीझरच्या एलिमेंटमधली पांढरी भुकटी दमट होऊन आकडा अर्ध्या मेगओहमच्या आसपास येऊ शकतो. एलिमेंट काढून सुकवा आणि पुन्हा मोजा. तरी वर गेला नाही तर बदला. ‘चालतंय की’ म्हणून तसाच परत लावलेला एलिमेंट ओल्या अंगाला स्पर्श करणाऱ्या पाण्यात बसतो.

अर्थ टेस्टर

खड्ड्यात पुरलेल्या इलेक्ट्रोडचा मातीशी किती रेझिस्टन्स आहे, हे अर्थ टेस्टर सांगतो. इथे सगळ्यांत जास्त फसवणूक होते, आणि बऱ्याचदा ती नकळत होते. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं की आकडा सुंदर येतो. तो पाण्याचा आकडा असतो. मोजायच्या आधी दोन दिवस तरी पाणी घालू नका.

एका वेळी एकच खड्डा इमारतीपासून सोडवा, आणि तोही मेन बंद असताना. चालू इमारतीचं अर्थिंग सोडणं म्हणजे कोणाच्या तरी फ्रिजची बॉडी जिवंत करणं. सुट्या केलेल्या इलेक्ट्रोडला मीटरचं ई टर्मिनल लावा. सी चा (करंट सोडायचा) स्पाइक सरळ रेषेत ३० मीटरवर ठोका आणि पी चा (व्होल्टेज मोजायचा) स्पाइक त्याच रेषेवर ६२ टक्क्यांवर, म्हणजे साधारण १८.५ मीटरवर. अडीच-तीन मीटरच्या पाइप इलेक्ट्रोडला हे अंतर पुरतं. वाचन घ्या. मग पी चा स्पाइक ३ मीटर पुढे आणि ३ मीटर मागे नेऊन आणखी दोन वाचनं घ्या. तिन्हींत ५ टक्क्यांहून जास्त फरक नसेल तर सरासरी लिहा. फरक मोठा असेल तर सी चा स्पाइक जवळ पडतोय, इलेक्ट्रोड आणि स्पाइक यांची प्रभावक्षेत्रं एकमेकांत शिरली आहेत. तो आणखी लांब न्या किंवा दिशा बदला. एकच वाचन असलेला अर्थिंगचा रिपोर्ट स्वीकारू नका.

घोडबंदर रोडच्या टॉवरांत अडचण वेगळीच असते: सगळं आवार पेव्हर ब्लॉक आणि पोडियमने झाकलेलं. एक ब्लॉक उचलून खाली ३० सेंटिमीटर स्पाइक जात असेल तर उत्तम. नसेल तर जमिनीवरच्या काँक्रीटवर धातूची पट्टी ठेवा, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाका आणि तिला लीड लावा. डांबरावर हे चालत नाही. खाली पार्किंग असलेल्या पोडियमवरही नाही, कारण तो मातीला टेकलेलाच नसतो. खड्डा न सोडवता लावायचा क्लॅम्पचा अर्थ टेस्टर अशा जागी मोह पाडतो, पण करंटला दुसऱ्या खड्ड्यांतून परत यायची वाट असेल तरच तो खरं बोलतो. एकट्या खड्ड्यावर त्याचा आकडा निरर्थक, आणि दोन खड्डे जमिनीखाली पट्टीने जोडलेले असतील तर तो फक्त पट्टी मोजतो.

आता आकड्याचा अर्थ. पारसिकच्या किंवा येऊरच्या पायथ्याला मातीचा थर पातळ आणि खाली काळा खडक, तिथे ५ ओहमच्या खाली यायला दोन-तीन इलेक्ट्रोड समांतर जोडावे लागतात. नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावात उलट. माती खारट, आकडा एका ओहमच्या आसपास सहज येतो आणि कमिटी खूश होते. तीच खारट माती जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप झपाट्याने खाते. त्यामुळे तिथे आकड्याबरोबर खड्ड्याचं झाकण उघडून पाइपचं डोकं, पट्टी आणि नट-बोल्ट डोळ्यांनी बघणं सक्तीचं समजा. पट्टीवर पोपडे सुटत असतील, तर स्क्रूड्रायव्हरने टोचून किती धातू उरलाय ते बघा.

आणि ५ ओहम आले तरी केवळ त्या अर्थिंगवर विसंबू नका. फेज बॉडीला लागला आणि परतीची वाट फक्त मातीतून असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअरच वाहतात. ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की पडणारा स्विच) झटकन पडायला ३२० अँपिअरपर्यंत लागू शकतात. ४६ वर तो तासभरही टिकू शकतो, आणि तेवढा वेळ बॉडी जिवंत राहते. आरसीसीबी लागतो तो याच कारणाने.

आरसीसीबी: बटण नव्हे, मिलिसेकंद

बटण दाबल्यावर आतला रेझिस्टर फेज आणि न्यूट्रलमध्येच खोटी गळती तयार करतो. यंत्रणा हलते एवढंच त्यातून कळतं. ते महिन्यातून एकदा दाबाच, पण वर्षातून एकदा आरसीसीबी टेस्टर सॉकेटला लावा. तो फेजमधून अर्थमध्ये खरा, मोजलेला करंट सोडतो.

३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला १५ वर पडायचं नाही, ३० वर ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायचं, १५० वर ४० मिलिसेकंदांच्या आत. प्रत्येक चाचणी एसी लहरीच्या ० आणि १८० अंश, अशा दोन्हींवर घ्या, कारण काही नग एका अर्धलहरीवर सुस्त निघतात. वर्षानुवर्षं न पडलेला आरसीसीबी पहिल्या वेळी उशिरा पडतो आणि दुसऱ्या वेळी बरोबर. पहिला आकडाच लिहा, खऱ्या अपघातात तोच लागू असतो. इन्व्हर्टर वॉशिंग मशीन आणि ईव्ही चार्जर यांच्या गळतीत डीसीचे ठोके असतात. एसी प्रकारचा (फक्त अल्टरनेटिंग करंटची गळती ओळखणारा) आरसीसीबी त्यांना ओळखेलच असं नाही, तिथे किमान ए प्रकार हवा.

चाचणीआधी घरातल्यांना सांगा की कोणीही गीझर, मशीन किंवा नळाला हात लावायचा नाही. अर्थिंग खराब असेल तर टेस्टरचा करंट सगळ्या बॉडींवर व्होल्टेज चढवतो. चांगला टेस्टर ५० व्होल्टांवर स्वतःच थांबतो.

लीकेज क्लॅम्प

पावसात आरसीसीबी सारखा पडतो आणि वायरमन तो काढून साधा आयसोलेटर लावून जातो, ही आपल्याकडची सर्वांत धोकादायक ‘दुरुस्ती’. गळती शोधायला अर्धा तास लागतो, तो द्या.

साधा ६०० अँपिअरचा क्लॅम्प मीटर इथे आंधळा आहे. मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प घ्या. जबडे पुसा, काहीही न धरता शून्य येतं ते बघा, बसबारपासून (मोठा करंट नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपासून) लांब राहा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र जबड्यात घ्या. थ्री फेजला चारही. अर्थची तार बाहेर ठेवा. जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना खोडतात, उरतो तो गळतीचा. आर्मर्ड (धातूचं कवच असलेल्या) केबलवर बाहेरूनच क्लॅम्प लावला तर आर्मरमधून परतणारी गळतीही खोडली जाते, म्हणून ग्लँडच्या (केबल पॅनलमध्ये शिरते तिथल्या पकडीच्या) पुढे, सुट्या तारांवर मोजा.

३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे कायमची गळती ९ च्या आत हवी. २० असेल तर एकेक एमसीबी बंद करत जा. ज्याने आकडा कोसळतो ते सर्किट, मग त्याच्यावरचा एकेक प्लग. संगणक, टीव्ही, इन्व्हर्टर एसी यांचे फिल्टर प्रत्येकी थोडी गळती करतातच. बारा उपकरणांची बेरीज दोष नसते, तिथे दोन आरसीसीबीत वाटणी करावी लागते. आणि क्लॅम्पवर थेट ३ किंवा ४ अँपिअर दिसले, तर ती गळती नव्हे. दोन फ्लॅटचे किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत गेलेले आहेत, किंवा कोणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘अर्थिंग करून दिलं’ आहे.

हा दुसरा प्रकार मल्टिमीटरनेही पकडता येतो. गीझरच्या सर्किटवर २ किलोवॅटचा भार चालू करा आणि त्याच सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ मोजा. १५ मीटरच्या तारेत ८-९ अँपिअरला सुमारे एक व्होल्ट पडायलाच हवा. भर भारात नेमका शून्य आला, तर बोर्ड उघडा. तो न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर त्या सॉकेटमधल्या प्रत्येक उपकरणाची बॉडी २३० व्होल्टांवर जाते.

थर्मल कॅमेरा मिळाला तर मीटर रूममध्ये मे महिन्याच्या रात्री दहाच्या सुमारास फिरवा, सगळे एसी चालू असताना. सारख्या भाराच्या शेजारच्या लगांपेक्षा एखादा ठळकपणे गरम असेल, तर तो ढिला आहे. कॅमेरा यापेक्षा जास्त काही सांगत नाही.

लाइन परत देताना

वहीत तारीख, हवामान, यंत्राचा नंबर, त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि आकडा लिहा. नुसतं ‘ओके’ लिहू नका. कॅलिब्रेशन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबकडून, वर्षातून एकदा.

तपासणीतून होणारा सर्वांत मोठा घोटाळा शेवटच्या दहा मिनिटांत होतो. मेगरिंगसाठी सोडलेली न्यूट्रल लिंक हाताने फिरवून तशीच राहते. थ्री फेज बोर्डात न्यूट्रल ढिला राहिला की कमी भाराच्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतो आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एकदम जातात. म्हणून लिंक स्पॅनरने कसा, अर्थच्या खड्ड्याचे बोल्ट परत लावा, सर्ज प्रोटेक्टर बसवा. सगळ्या घरांचे एमसीबी खाली असतानाच मेन चालू करून तिन्ही फेज-न्यूट्रल मोजा. मग एक-एक घर चढवत जा आणि प्रत्येक दोन-तीन घरांनंतर तेच तीन आकडे पुन्हा बघा. एक फेज २१० आणि दुसरी २५५ दिसू लागली, तर मेन तत्काळ खाली करा आणि न्यूट्रल तपासा.